बीबीसी मायक्रो एलईडी टीव्हीला जोडला, पण चित्र काळं-पांढरं (जुळे सोलापूर)

जुळेसोलापूरकर | ९ मे, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिलाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेतली पत्र्याची खोली रिकामी करायला आम्ही काही माजी विद्यार्थी गेलो होतो. मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे, भाता फाटलेली पेटी, आणि सगळ्यांत खाली चादरीत बांधलेली दोन गाठोडी. चादर अर्थात सोलापुरी, अजून शाबूत. आत बीबीसी मायक्रो, म्हणजे ऐंशीच्या दशकात शाळांतून असायचा तो ब्रिटिश कॉम्प्युटर, मॉडेल बी, दोन नग. काळ्या कीज, वर लाल फंक्शन कीजची ओळ, पट्टीवर ठिपक्यांचं ते घुबड. आमच्या वेळी यांच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. आठवड्याला एक तास, एका यंत्राला पाच पोरं. माझा नंबर यायच्या आत घंटा व्हायची, त्यामुळे मी हे यंत्र जास्त करून दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिलेलं आहे.

मुख्याध्यापकांनी लेखी घेऊन दोन्ही दिली. एक चालू होतंय: आधी एक लांब खर्जातला आवाज आणि लगेच एक बारीक 'बीप'. ऐकून अंगावर काटा आला. दुसरं मुकं आहे, त्याचं नंतर बघू.

मूळ मॉनिटर भंगारात गेलेले. मागे तीन व्हिडिओ सॉकेट आहेत. त्यांतल्या बीएनसी नावाच्या, एकाच तारेवर सगळं चित्र देणाऱ्या सॉकेटला पिन बदलणारं ढोपर लावून, बाजारात मिळतो तो एव्ही टू एचडीएमआयचा छोटा पांढरा डबा मध्ये घातला आणि ४३ इंची टीव्हीला दिलं. चित्र आलं! 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' ही ओळ वाचता येते. पण सगळं काळं-पांढरं, अक्षरं रुंदीला ताणलेली, आणि बारीक अक्षरं थरथरतात. डबा बदलून आणला, तेच. डबा खराब की यंत्र?

अर्धवटराव | ९ मे, रात्री ११:०५

यंत्र घुबडासकट शोकेसमध्ये ठेवा आणि लॅपटॉपवर इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाका. दहा मिनिटांत रंगीत. कशाला चाळीस वर्षांच्या मढ्याला सलाईन?

सिंकसिग्नल | १० मे, सकाळी ७:५०

दोन्ही ठीक आहेत. मॉडेल बीचा बीएनसी सॉकेट मुळातच काळं-पांढरं देतो. रंग हवा असेल तर आतल्या बोर्डावर एक जोडणी करावी लागते. इश्यू ४ (चौथ्या आवृत्ती) पासूनच्या बोर्डांवर तिचा नंबर एस ३९ आहे. पण ती करू नका असंच सांगेन. कॉम्पोझिटमध्ये, म्हणजे या एका तारेच्या सिग्नलमध्ये, रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले असतात, त्यामुळे ८० कॉलमच्या (एका ओळीत ८०) अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्य दिसतं आणि मजकूर आत्तापेक्षा जास्त वाईट वाचता येतो. शेजारच्या सहा पिनांच्या गोल सॉकेटमध्ये लाल, हिरवा, निळा आणि सिंक (रेष आणि चित्र कुठं सुरू होतं याचा इशारा) वेगवेगळे, स्वच्छ मिळतात. खरा माल तिथं आहे.

(मी अकरावीत रेडिओ उघडून बिघडवला तेव्हापासून या नादात आहे. सध्या इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सोलापुरातच.)

टीव्हीकाका | १० मे, दुपारी १:१५

तार, रंग, डबा हे सगळं नंतर. मालक, यंत्राचा पॉवर सप्लाय उघडून बघितला का? चाळीस वर्षं बंद असलेला सप्लाय थेट मेनला लावून गाणं ऐकत बसू नका. आत मेनच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात. पिवळट, पारदर्शक कवचाचे असले आणि त्यावर केसाएवढ्या चिरा दिसल्या तर ते आज ना उद्या जाणार. आधी ते काढा.

चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत. अशोक चौकात दुकान होतं, आता घरीच असतो.

जुळेसोलापूरकर | १० मे, रात्री ९:३०

काका, तुमचा प्रतिसाद मी आत्ता वाचतोय. उशीर झाला.

दुपारी चारला यंत्र चालू करून सिंकसिग्नल यांनी सांगितलेला सॉकेट बघत होतो. साधारण पंचवीस मिनिटं झाली असतील. 'फट्' असा आवाज झाला, लवंगी फटाक्यासारखा, आणि डाव्या बाजूच्या फटींतून पांढरट धूर. थोडाथोडका नव्हे, हॉलभर. वास असा की जळका कागद, त्यात काहीतरी आंबट, आणि घशात चिकटून बसणारा. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, आई पळत खाली आली ती "गॅस बंद कर" म्हणत. मी प्लग ओढून काढला. गंमत म्हणजे धूर येत असताना टीव्हीवर चित्र तसंच होतं, कर्सर लुकलुकत होता.

आता पडदे धुवायला टाकलेत. घरात माझ्याशी फक्त वडील बोलत आहेत. यंत्र गेलं का?

टीव्हीकाका | १० मे, रात्री १०:०२

गेलं नाही. चित्र शेवटपर्यंत होतं म्हणालात ना, मग सप्लाय जिवंत आहे. तो कपॅसिटर फक्त मेनमधली खरखर गाळायला असतो, लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये. तो मेला तरी पुढचं काम चालू राहतं. आत धातूचा थर दिलेला कागद असतो. कवच वयानं तडकतं, हवेतली ओल आत जाते, कागद फुगतो, आणि एक दिवस २३० व्होल्टखाली धूर. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्री, मग पावसाळा, मग पुन्हा ऊन. पत्र्याच्या खोलीत चाळीस वर्षं. त्याचा काय दोष.

करायचं असं. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मग स्क्रू काढा. मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून व्होल्ट उतरलेत का बघा, त्याआधी बोट घालू नका. जळका काढून ०.१ मायक्रोफॅरॅडचा, एक्स२ लिहिलेला, २७५ व्होल्ट एसीचा प्लॅस्टिक फिल्मवाला टाका. एक्स२ लिहिलेलंच पाहिजे. दुकानदार "हे पण चालतंय की" म्हणून ४०० व्होल्ट डीसीचा देईल, तो घेऊ नका. धाकटा पण शेजारी असेल, ०.०१ चा, तो पण बदला. दोन्हीचे मिळून शंभर रुपयेसुद्धा होणार नाहीत. आतली काजळी स्पिरिटनं पुसून घ्या.

पेठेतला_पुणेकर | ११ मे, सकाळी ८:१२

इतका खटाटोप करण्यापेक्षा १४ इंची जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही घ्या. या यंत्रांचं चित्र त्याच काचेसाठी बनलेलं आहे, एलईडीवर ते कधीही तसं दिसणार नाही. आमच्याकडे लोक असे टीव्ही फुकट देतात.

जुळेसोलापूरकर | ११ मे, सकाळी ९:४०

तुमच्याकडे फुकट देतात, आमच्याकडे किलोवर घेतात. विजापूर वेशीकडच्या दोन भंगारवाल्यांकडे जाऊन आलो. ट्यूब फोडून तांबं काढून झालेलं होतं. एकाकडे अख्खा होता, पण त्याच्यावर मांजर व्यालेलं.

टीव्हीकाका | ११ मे, दुपारी १२:२०

पुणेकर बोलतात ते खरं आहे, पण ज्याला ट्यूब हाताळायची सवय नाही त्यानं भंगारातला सेट आणून उघडू नये. बंद करून ठेवलेल्या ट्यूबच्या अ‍ॅनोडवर पण झटका शिल्लक असतो. आमच्या दुकानातला एक पोरगा त्या झटक्यानं मागच्या कपाटावर जाऊन आदळला होता. त्याला ट्यूबपेक्षा कपाटाचं जास्त लागलं.

जुळेसोलापूरकर | १३ मे, रात्री ८:५५

कपॅसिटर बदलले. नवी पेठेतल्या तिसऱ्या दुकानात मिळाले, पहिल्या दोघांनी खरंच "हे पण चालतंय की" म्हटलं! यंत्र चालू, तासभर काकांच्या सांगण्याप्रमाणे शेजारी बसून राहिलो.

मग एका मित्राच्या सल्ल्यानं गोल सॉकेटमधून व्हीजीए प्लगला सरळ तारा जोडून ऑफिसमधला जुना मॉनिटर लावला. त्यावर 'आउट ऑफ रेंज' असा फलक फिरत राहतो. प्लग बसतो, सगळ्या तारा जागेवर आहेत. मग अडतं कुठं?

सिंकसिग्नल | १३ मे, रात्री ९:४०

प्लग बसला म्हणजे जमलं असं नसतं. तुमचं यंत्र सेकंदाला साधारण १५,६२५ आडव्या रेषा पाठवतं, पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या हिशोबानं. व्हीजीए १९८७ ला आलं तेव्हापासून कॉम्प्युटरचे मॉनिटर ३१,५०० च्या आसपास सुरू होतात, त्याखालचं बरेचसे मॉनिटर घेतच नाहीत. नुसती तार वेग बदलू शकत नाही. मध्ये कुणीतरी एक रेष साठवून ती दोनदा द्यायला हवी, किंवा अख्खं चित्र साठवून नव्यानं काढायला हवं.

आणि तुमचा पांढरा डबा हे काम करतो, पण बेअक्कलपणे. त्याला वाटतं समोर टीव्हीचं प्रक्षेपण आहे. तो दोन अर्धी चित्रं एकत्र करून एक बनवतो, शिवाय ५० हर्ट्झचं ६० करतो, म्हणून हलतं चित्र मध्येच अडखळतं. आणि ४:३ चं १६:९ करून अक्षरं लोळवतो.

टीव्हीकाका | १३ मे, रात्री १०:१०

पोरानं बरोबर सांगितलं. मी सोलापुरी भाषेत सांगतो.

माग बघितलाय ना? पिक्चर ट्यूबमधला किरण म्हणजे धोटा. डावीकडून उजवीकडे जातो आणि एक धागा टाकतो. फरक एवढाच की आपला धोटा जाताना-येताना दोन्ही वेळा धागा टाकतो, हा येताना रिकामा येतो. असे ६२५ धागे म्हणजे एक चित्र. पण सगळे एका दमात टाकले तर पडदा फडफडल्यासारखा दिसतो. म्हणून टीव्हीवाल्यांनी काय केलं, एका खेपेत एकाआड एक धागे टाकायचे, दुसऱ्या खेपेत मधल्या फटी भरायच्या. सेकंदाला पन्नास खेपा, पंचवीस अख्खी चित्रं.

आता त्या काळातली बरीच घरगुती यंत्रं आळशी. ती फटी भरत नाहीत. दोन्ही खेपांना त्याच जागी धागे टाकतात, ३१२ चेच. ट्यूबला काही फरक पडत नाही, मध्ये काळी फट राहते आणि उलट चित्र ठसठशीत दिसतं. पण डबा त्या दोन खेपा एकमेकांत विणायला बसतो. त्या विणण्याला इंग्रजीत पण 'वीव्ह'च म्हणतात. फटी नसलेल्या कापडात फटी शोधून विणलं तर काय होईल? बारीक अक्षरांच्या कडा थरथरणार.

अर्धवटराव | १३ मे, रात्री १०:३१

काका, दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली. सलाईनवाला प्रतिसाद मागे घेतो.

सिंकसिग्नल | १४ मे, सकाळी ७:३०

काकांच्या मागाला एक गाठ. बीबीसी मायक्रो इतका आळशी नाही, तो चालू होताना खेपा अर्ध्या रेषेनं सरकवतोच. फक्त ग्राफिक्सच्या मोडमध्ये (मोड म्हणजे पडद्याची मांडणी, प्रत्येकीला नंबर) दोन्ही खेपांना चित्र तेच पाठवतो, त्यामुळे अख्खं चित्र एका रेषेनं वरखाली नाचतं. हे बंद करायला: 'स्टार टीव्ही ०,१' (स्टार म्हणजे * ही खूण) टाइप करून रिटर्न, मग मोड बदला. मोड बदलल्याशिवाय परिणाम दिसत नाही. मोड ७ ला मात्र हा हुकूम लागू नाही. तिथली अक्षरं टेलिटेक्स्टची (टीव्हीवर मजकुराची पानं दाखवायची जुनी सोय) एसएए ५०५० ही चिप काढते आणि गोलाई आणायला ती दोन्ही खेपांत खरोखरच वेगवेगळे ठिपके टाकते.

जुळेसोलापूरकर | १४ मे, दुपारी २:०५

'स्टार टीव्ही' हुकूम चालला! मोड ४ मधलं नाचणं थांबलं. वडिलांना सांगितलं की आता स्टार टीव्ही लावतोय, तर ते चष्मा घेऊन येऊन बसले.

पंढरपूरची_सून | १४ मे, दुपारी ३:४८

धागा पळवतेय, माफ करा. माझ्याकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर आहे, सासऱ्यांनी १९८९ ला घेतलेला. त्याला मागे एकच टीव्हीची पिन. नव्या टीव्हीवर चॅनल शोध लावला तर मुंग्यांमध्ये काहीतरी दिसतं आणि निघून जातं.

सिंकसिग्नल | १४ मे, संध्याकाळी ६:२०

ताई, पळवा खुशाल, तुमचं दुखणं सोपं आहे. (माहिती म्हणून: हा सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या परवान्यावर भारतात डेसिबेल्सनं १९८८ ला काढलेला स्पेक्ट्रम प्लस.) स्पेक्ट्रमच्या आत एक पत्र्याची डबी आहे, तिथं चित्र यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनलवर चढवलं जातं आणि टीव्ही ते पुन्हा उतरवतो. चढ-उतारात चित्राचं वाटोळं होतं. शोध लावून थांबू नका, हातानं ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास जा. टीव्हीला अ‍ॅनालॉग ट्यूनर असेल तर सापडेल.

कायमचा उपाय म्हणजे डबीकडे जाणारी चित्राची तार डबीतून सोडवून सरळ बाहेरच्या पिनेला द्यायची, म्हणजे तीच पिन कॉम्पोझिट देते आणि टीव्हीच्या पिवळ्या भोकात जाते. डबीतल्या ज्या रेझिस्टरचा पाय त्या पिनेला लागलाय तो आधी सोडवायचा, हे विसरतात लोक.

दोन सूचना. स्पेक्ट्रमचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा आहे पण मधली टाचणी वजा असते, आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरना अधिक असते. घरात पडलेला दुसरा लावू नका. आणि टीव्हीला पिवळं भोक नसून हेडफोनसारखं एकच भोक असेल तर त्याची चार रिंगांची तार टीव्हीसोबत आलेलीच घ्या. दिसायला सारख्या असतात पण रिंगांचा क्रम वेगळा असतो. चित्र नाही आलं तर लाल पिन काढून पिवळीच्या जागी लावून बघा, अर्ध्या वेळा तिथंच सापडतं.

पंढरपूरची_सून | १६ मे, सकाळी ११:११

लाल पिनेतच सापडलं!! डबीला हात लावायला गावात कुणी तयार नव्हतं, मीच केलं. सासरे सकाळपासून टाळ वाजवल्यासारखे कीज बडवतायत. आठ बाय आठच्या चौकटीत दोनच रंग, म्हणून विमान ढगात शिरलं की ढगाच्या रंगाचं होतं, हे मला आधी बिघाड वाटलं होतं.

पेठेतला_पुणेकर | १६ मे, दुपारी १२:३०

अवांतर: कुणाकडे हर्क्युलिस कार्डवाला (एकरंगी चित्र देणारं कार्ड) जुना एक्सटी पीसी आहे का? माझा हिरवा मॉनिटर गेला. हे डबे चालतील का?

सिंकसिग्नल | १६ मे, दुपारी १:०५

नाही चालणार. हर्क्युलिसचा वेग तिसराच, सेकंदाला १८,४३२ रेषा. तो ना टीव्हीचा ना व्हीजीएचा. खाली मी जे यंत्र सांगणार आहे ते मात्र हेही घेतं, जरा दम धरा.

जुळेसोलापूरकर | १९ मे, रात्री ११:२०

आता मुख्य कथा.

ऑनलाइन जीबीएस ८२०० नावाचा हिरवा बोर्ड मागवला. १५ हजारवालं आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगवेगळे) घेतो आणि व्हीजीए देतो. सिंकसिग्नल यांनी बजावलं होतं की यंत्रातून टीटीएल पातळी (शून्य किंवा जास्तीत जास्त ५ व्होल्ट) येते आणि या बोर्डाला रंगाच्या तारेवर ०.७ व्होल्ट अपेक्षित असतात, तेव्हा तिन्ही रंगांत रेझिस्टर घाल, ३३० ओहमपासून सुरुवात कर. घातले. गोल प्लगच्या पिना: १ लाल, २ हिरवा, ३ निळा, ४ सिंक, ५ जमीन, ६ वर चक्क ५ व्होल्ट. सहावी कुठेही जोडायची नाही, कापून टाकली.

डाग द्यायला बसलो दुपारी. पंखा बंद, कारण पंख्याखाली सोल्डर गार होतं. घाम डोळ्यांत. पिना मोजल्या आणि तारा लावल्या. चालू केलं तर चित्र नाही, नुसत्या हिरव्या तिरक्या पट्ट्या. पुन्हा डाग. पुन्हा पट्ट्या. संध्याकाळी वडील शेजारी येऊन बसले. ते तीस वर्षं जकार्डच्या कारखान्यात पंचकार्डं ठोकायचे. प्लग हातात घेऊन म्हणाले, "तू उलट्या अंगानं मोजलायस."

खरंच की. आकृती सॉकेटच्या तोंडाकडून काढलेली आणि मी मोजत होतो प्लगच्या डागाच्या बाजूनं. आरशातला क्रम. सिंकची तार भलत्याच पिनेवर. वडील म्हणाले, "कार्ड उलटं लागलं की मोराची मान डावीकडची उजवीकडं जाते. पाच हजार चादरी गेल्यावर कळायचं."

सरळ लावलं आणि रंग आला. लाल, हिरवा, पिवळा, निळा, जांभळा, मोरपंखी, भगभगीत. पण मोड ७ अजून थरथरतोच, आणि टाइप केलेलं अक्षर पडद्यावर जरा उशिरा उमटल्यासारखं वाटतं.

टीव्हीकाका | २० मे, सकाळी ९:००

वडिलांना नमस्कार सांगा. कुठल्या कारखान्यात होते? पूर्व भागातले असतील तर मी त्यांच्या घरचा टीव्ही नक्की उघडला असणार.

सिंकसिग्नल | २० मे, सकाळी ९:३५

जीबीएसचा मूळ प्रोग्रॅम बेताचाच आहे. त्यात ईएसपी ८२६६ ही वायफायवाली चकती आणि घड्याळाची चिप जोडून जीबीएस कंट्रोल नावाचा खुला प्रोग्रॅम टाकला की बोर्ड ओळखू येत नाही इतका सुधारतो. ओएसएससी म्हणून दुसरं यंत्र आहे, ते चित्र साठवतच नाही, रेष आली की दुप्पट करून लगेच पुढे, त्यामुळे उशीर जवळपास नाहीच. पण ते महाग, आणि कस्टम वेगळा.

तुमच्या यंत्रासाठी माझं मत स्पष्ट आहे: आरजीबी टू एचडीएमआय. खुला प्रकल्प, मुळात बीबीसी मायक्रोसाठीच हौशी लोकांनी सुरू केला. रास्पबेरी पाय झिरो या छोट्याशा कॉम्प्युटरच्या डोक्यावर एक छोटा बोर्ड बसतो.

बाकीचे सगळे डबे तुमचा सिग्नल लाटेसारखा मोजतात: इथं किती उजेड, तिथं किती. पण बीबीसीचा रंग लाट नाहीच, तो हो किंवा नाही आहे. लाल आहे किंवा नाही, हिरवा आहे किंवा नाही. हा बोर्ड ठिपक्यागणिक एकदाच विचारतो: आहेस का? आणि उत्तर तसंच्या तसं पायला देतो. मग धूसर व्हायला काही उरतच नाही. फक्त विचारायची वेळ ठिपक्याच्या मधोमध पडली पाहिजे, कडेवर पडली तर ठिपका कधी हो कधी नाही म्हणतो आणि अक्षरांवर पिसवा नाचतात. त्यासाठी एक बटण आहे, ते दाबलं की तो सगळ्या वेळा तपासून शांत वेळ निवडतो. मोड ७ च्या ठिपक्यांचा वेग वेगळा असतो, तिथं पुन्हा एकदा दाबायचं. दोन्ही लक्षात ठेवतो आणि मोड बदलला की स्वतः बदलतो. एचडीएमआयचा ठेकाही तो यंत्राच्या पन्नासला बांधून ठेवतो, उशीर एका फ्रेमपेक्षा कमी.

आपल्या टीव्हींना ५० हर्ट्झ चालतं. कॉम्प्युटरचे मॉनिटर कधी कधी नाक मुरडतात, घ्यायच्या आधी बघा.

पुणेकर, तुमचा हर्क्युलिसही याच्यावर चालतो. त्याची जुळवणी वेगळी निवडायची.

पेठेतला_पुणेकर | २० मे, सकाळी १०:१५

माझ्याकडे दोन बोर्ड आहेत, उत्साहाच्या भरात मागवले होते. एक जुळेसोलापूरकरांना देतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दुपारी एक ते चार सोडून कधीही या.

अर्धवटराव | २० मे, सकाळी १०:१७

हाहाहा. वेळ सांगितलीत म्हणजे बोर्ड खरा आहे.

जुळेसोलापूरकर | २३ मे, रात्री ९:५०

हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला गेलो, बोर्ड घेतला (पुणेकरांनी चहासुद्धा दिला, नोंद घ्यावी), तपकीर गल्लीत पाय झिरो आणि गोल प्लग घेतला, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. जाताना शेंगा चटणीचं पाकीट नेलं होतं, त्यामुळे व्यवहार समसमान.

या वेळी पिना वडिलांकडून मोजून घेतल्या. रेझिस्टर काढले, हा बोर्ड टीटीएल सरळ घेतो. पायला वेगळा मोबाइलचा चार्जर. पहिल्यांदा लावल्यावर अक्षरांवर खरंच पिसवा होत्या. बटण दाबलं, पडद्यावर आकडे सरकत गेले, पाच-दहा सेकंद, आणि एकदम सगळं थांबलं. गढूळ पाणी निवळावं तसं. मोड ७ मध्ये पुन्हा दाबलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आकार ४:३ केला, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद केला.

मंडळी, हे चित्र आम्ही शाळेतसुद्धा असं पाहिलं नव्हतं. तिथला मॉनिटर मध्यभागी फुगलेला आणि कडेला अंधारा होता.

मोड ७ मध्ये चौकोनी ठोकळ्यांची चित्रं काढता येतात. ४० घरं आडवी, २५ उभी, एका घरात दोन बाय तीन ठोकळे. वडील पडद्याला नाक लावून मोजत बसले. मग आतून जुना ग्राफचा कागद घेऊन आले, पिवळा पडलेला, रंगीत पेन्सिलीनं भरलेला, एका चादरीच्या काठाचा. "एवढा बसेल का यात?" बसत नव्हता. त्यांनी पेन्सिल घेतली आणि मोराचा पिसारा तीन घरांनी कमी केला. आता रात्री दोघं मिळून डेटाच्या ओळी भरतोय. मी आकडे टाइप करतो, ते वाचून दाखवतात. माझी चूक झाली की चष्म्यावरून बघतात, कारखान्यात कुणाकडं तरी बघत असतील तसं.

पंढरपूरची_सून | २३ मे, रात्री १०:२०

फोटो टाका ना मोराचा.

जुळेसोलापूरकर | २३ मे, रात्री १०:२६

मान झालीय, पिसारा उद्या. एक प्रश्न राहिला. या यंत्रात फक्त ३२ के आणि डिस्क नाही. शाळेतल्या गाठोड्यात सात कॅसेट मिळाल्यात (प्रोग्रॅम फितीवर आवाजाच्या रूपात असतात), लेबलांवर मुलांची नावं आणि इयत्ता. मोबाइलवरून आवाज देऊन लोड होईल का, की टेपरेकॉर्डरच हवा? एका कॅसेटवर माझ्या वर्गाची तुकडी लिहिलीय.

सिंकसिग्नल | २३ मे, रात्री १०:४०

आधी कॅसेट एकदा चालवून कॉम्प्युटरवर आवाज उतरवून घ्या, मगच पुढचं. जुनी फीत दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नसते. उतरवलेली फाइल मोबाइलवरून देता येते, आवाज बराच मोठा ठेवायचा आणि इक्वलायझर वगैरे सगळं बंद. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहितो.

जुळेसोलापूरकर | २४ मे, सकाळी ८:०५

काढतो. तोवर दुसरं मुकं यंत्र चालू होतंय का ते बघलालोय. आत्ताच प्लग लावला.

टीव्हीकाका | २४ मे, सकाळी ८:०७

त्याचा सप्लाय उघडला का?

जुळेसोलापूरकर | २४ मे, सकाळी ८:०८

नाही अजून.

टीव्हीकाका | २४ मे, सकाळी ८:०८

प्लग काढा मालक.